पाऊण तास पुढे

हेवा करण्यात माझा हात धरणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. लोकांना शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा हेवा वाटतो, साडूच्या स्लॅबच्या घराचा वाटतो. मला एका दोनशे पानी वहीचा वाटला. खाकी कव्हर, वर सुवाच्य अक्षरात नाव, एकही कोपरा दुमडलेला नाही. ज्या तीन महिन्यांत ती वही रोज आमच्या घरी येऊन राहिली होती त्या तीन महिन्यांत माझं वजन अकरा किलो घटलं, असं मी पुढं सगळ्यांना सांगत असे. आई म्हणायची, वाढलं होतं. आता गुडघे बोलायला लागलेत, डोळ्यांवर दोन नंबरांचा चष्मा आलाय, तेव्हा या प्रकरणापुरतं तरी आईचं धरून चालू.

आमचं घर जवळा बाजारला, बाजाराच्या रस्त्यालाच. पुढं अण्णांचं मोटार भरायचं दुकान, मागं आम्ही. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी आमच्या ओट्यावर येऊन पडायच्या. अण्णा त्यांचं पोट उघडायचे, काळी पडलेली तार उपसून काढायचे, नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजत भरायचे आणि वरून व्हार्निश पाजायचे. त्या व्हार्निशचा वास आमच्या भाकरीला, ठेच्याला, गाद्यांना आणि माझ्या मते देवघरातल्या प्रसादालाही असे. अण्णा वेढे मोठ्यानं मोजायचे. त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. मी दहा वर्षांचा असताना एकशे अठराव्या वेढ्याला ‘अण्णा, भूक लागली’ म्हणालो होतो. अण्णांनी मोजणी विसरून जी थापड दिली तिचा आवाज औंढ्याच्या देवळात घंटेसारखा घुमला असणार, कारण त्या दिवसापासून ती माझ्या कानात वाजून राहिली आहे.

आणि घरात ते घड्याळ होतं. मधल्या खोलीत, दाराच्या वर. ते पाऊण तास पुढं असायचं. हे काही बिघाडानं नव्हतं, आमच्या घराण्याची ती रीत होती. अण्णांची एकदा हिंगोलीची गाडी चुकली म्हणून आजोबांनी ते पाच मिनिटं पुढं केलं. पुढं कुणाचं काही चुकलं की आणखी पाच मिनिटं. असं करत करत आमचं घर बाकीच्या जगाच्या पाऊण तास पुढं जाऊन बसलं. त्याचा कुणाला त्रास नव्हता, कारण घरातला प्रत्येक जण मनात पाऊण तास वजा करूनच बघायचा. ‘घड्याळात नऊ झाले, म्हंजे सव्वाआठ,’ असं आई एका दमात म्हणायची. वजाबाकी मी पाटीवर नंतर शिकलो, भिंतीवर आधी.

त्या वर्षी मी औंढ्याला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला होतो. दुपारची दोनची गाडी, तीन ते पाच वर्ग, संध्याकाळी परत. वर्गात मी पहिला होतो असं मला वाटायचं. बाकी कुणाला तसं वाटत नव्हतं, कारण वर्गात प्रज्ञा होती. जवळ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरबाईंची ती मुलगी. वडील ती लहान असतानाच गेलेले. मायलेकी दवाखान्याच्या आवारातल्या एका खोलीत राहायच्या. प्रज्ञा कमी बोलायची आणि बोलली की मुद्द्याचं बोलायची, आणि माझ्यासारख्या माणसाला याच्याहून मोठा अपमान नाही.

आमच्या गिरी सरांना औंढ्याला लॅब सुरू करायची होती. लॅबला एक मदतनीस घ्यायचा होता. एकच. सरांनी एक भंगारातून वाचवलेलं मशीन आम्हा दोघांपुढं ठेवलं. म्हणाले, ‘ह्याच्यावर लिनक्सची सिस्टीम चढवायची. तयार सीडी हे मशीन घेत नाही, मी सगळं करून बघितलं. तेव्हा मुळापासून बांधा. दसऱ्याच्या आत चालू करून आणा, लॅबची किल्ली तुमच्यापैकी एकाला देतो.’ मुळापासून बांधणं म्हणजे काय, हे मी अण्णांना असं समजावलं होतं: बाजारातून शर्ट विकत आणायचा नाही, कापूस वेचण्यापासून सुरुवात करायची. सरकी काढा, सूत काता, कापड विणा, काजं करा. या सिस्टीमच्या मागं लिहिलेलं सगळं लिखाण सगळ्यांसाठी उघडं असतं. ते घ्यायचं आणि त्यातून एकेक तुकडा आपल्याच मशीनवर तयार करवून घ्यायचा. अण्णांना हे फार पटलं. त्यांचा आयुष्यभर एकाच गोष्टीवर विश्वास होता, जी वस्तू उघडून परत भरता येते तिच्यावर.

मशीन आमच्या घरी, मधल्या खोलीत ठेवायचं ठरलं, कारण दुकानामुळं आमच्याकडं लाइन जरा बरी असायची. सकाळी सात ते एक. सात ते दहा माझी पाळी, नंतर प्रज्ञाची. अण्णांनी मध्ये एक नियम घातला. ‘मोटार तीन तास चालली की थंड करायची. मशीन असो का विहिरीतली पाणबुडी मोटार, कायदा एकच.’ म्हणून दहाला मी मशीन बंद करायचो आणि सव्वादहाला प्रज्ञा ते चालू करायची. चालू केलं की ते दरवेळी विचारायचं, आज तारीख कोणती, वाजले किती. त्याच्या पोटातला रुपयाएवढा सेल मेलेला होता हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर आम्ही समजत होतो की म्हातारं मशीन आहे, विचारतं बिचारं. मी मान वर करून भिंतीवर बघायचो आणि दिसेल ती वेळ घालायचो. प्रज्ञा मनगटावरच्या घड्याळात बघायची. ते तिच्या आईचं जुनं, नाडी मोजायचं घड्याळ होतं, सेकंदाला पक्कं.

पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की अनर्थ झालाय. अण्णांना ती आवडली. झालं असं की अण्णा ओट्यावर मोजत होते. एकशे एकवीस, एकशे बावीस. प्रज्ञा दारात थांबून म्हणाली, ‘काका, तुमी डाव्या हातानं तार ताणून धरता, मग उजवीकडचे वेढे सैल न्हाई पडत का?’ मी आतून ऐकलं आणि डोळे मिटून थापडीच्या आवाजाची वाट बघितली. अण्णा थांबले. हातातल्या तारेकडं बघितलं. आणि हसले. माझा बाप हसला. ‘बराबर बोलली पोरगी,’ म्हणाले. ‘वीस वर्षांत कुणी इचारलं न्हाई.’ आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले.

मी आत गेलो आणि तांब्याभर पाणी प्यालो. मग आणखी एक तांब्या.

त्या दिवसापासून ती आली की आई चुरमुऱ्यांची सुशीला करायची. वर शेंगदाणे, लिंबू, वाटीभर दही. मला सकाळी रात्रीची भाकरी आणि चटणी. मी आईला विचारलं, ‘काहून असं?’ आई म्हणाली, ‘ते लेकरू काम करून राहिलं.’ ‘आणि मी काय करून राहिलो?’ ‘तू जेवून राहिला,’ आई म्हणाली, आणि त्या क्षणी मी खरोखरच जेवून राहिलो होतो, त्यामुळं वाद वाढवता आला नाही.

कामाचं म्हणाल तर माझी पद्धत थोडी दरबारी होती. सिस्टीम बांधायला लावली की पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धो धो खाली पळतात. त्या बघायला दुकानात आलेली गिऱ्हाइकं दारात गर्दी करायची. साखऱ्याचा एक पाटील तर आपली मोटार विसरून तासभर उभा राहिला आणि जाताना म्हणाला, ‘नागोराव, हे सगळं तू लिहून राहिला?’ मी नम्रपणे मान खाली घातली. नाही म्हणालो नाही. म्हणून रोज साडेनऊच्या सुमाराला, दुकानात गर्दी जमली की मी एखाद्या मोठ्या फाइलीला उगीच बोट लावायचो, म्हणजे मशीन अर्धी सिस्टीम परत बांधायला घ्यायचं. ओळी पळायच्या, लोक बघायचे, मी खुर्चीत मागं रेलून जेवायचो. प्रज्ञाची तऱ्हा उलटी. चुकलेलं काम ती वहीत उतरवून घरी न्यायची, रात्रभर डोकं लावायची आणि सकाळी आली की पहिल्या अर्ध्या तासात दुरुस्त्या करून टाकायची. मग दुरुस्त केलेलं परत बांधायला लावायची. फरक पडला नाही की जाताना ती दुरुस्ती खोडून सगळं पहिल्यासारखं करून ठेवायची.

आणि काहीच व्हायचं नाही. मशीन सुरू करायला गेलं की अडकायचं ते त्याच जागी. मला डिस्क सापडत नाही, म्हणायचं, आणि थिजायचं. प्रज्ञाच्या दुरुस्तीचा त्याच्यावर ढिम्म परिणाम नाही. दीड महिना हे चाललं. मी वरून हळहळायचो. ‘अगं, तुझं लॉजिक बराबर वाटतं, पण मशीनला पटून न्हाई राहिलं,’ असं म्हणायचो. आतून मला काय वाटायचं ते लिहायला आता लाज वाटते, पण लिहायला बसलोय तर लिहितो. तिची दुरुस्ती फुकट गेली की मला भूक लागायची. चांगली, मोकळी, पाहुण्यांच्या घरी लागते तशी.

ती ओठ घट्ट मिटून वहीत लिहायची. कधी अण्णा मागं येऊन उभे राहायचे.

‘काय म्हणतंय?’

‘काका, दुरुस्ती केली तरी जुनंच दाखवून राहिलं.’

‘मंग दुरुस्ती पोचतच न्हाई. तार तुटली असंल कुठं मधी. शोध. घाई न्हाई.’

घाई नाही, असं अण्णांनी मला आजवर कशाला म्हटलं नव्हतं. मला ते नेहमी म्हणायचे, ‘उठ.’

दसऱ्याला चार दिवस उरले असताना ती वही विसरून गेली. एक वाजता लाइन गेली, त्या दिवशीची दुरुस्ती खोडायची राहिली, ती आईला औषधं आणून द्यायच्या गडबडीत निघाली आणि खाकी वही टेबलावर राहिली. खोलीत मी एकटाच होतो. हेवेखोर माणसाला दुसऱ्याची वही म्हणजे काय असते ते सांगत बसत नाही. मी उघडली. प्रत्येक पानाच्या कडेला वेळ लिहिलेली होती. दहा वीस, दुरुस्ती केली, परिणाम नाही. दहा पस्तीस, दुरुस्ती केली, परिणाम नाही. अकरा दहा, छोटी दुरुस्ती, परिणाम झाला. पुन्हा दुसऱ्या दिवशी तसंच. पावणेअकराच्या आधी केलेलं सगळं पाण्यात, नंतर केलेलं थोडंफार जमलेलं. आणि जागोजागी तिनं मशीननं दिलेली एक इंग्रजी सूचना जशीच्या तशी उतरवली होती आणि खाली पेन्सिलीनं अर्थ लावला होता: घड्याळात तफावत आहे, बांधकाम अपुरं राहू शकतं. पुढं प्रश्नचिन्ह.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. ‘नागू, घड्याळात दोन झाले, म्हंजे सव्वाएक. जेवून घे, गाडी हाय दोनची.’

मी मान वर केली. आणि मला सगळं एकदम दिसलं.

बांधणाऱ्या प्रोग्रामची एक सवय असते. लिखाण शेवटचं कधी बदललं आणि त्यापासूनचा तुकडा कधी तयार झाला, या दोन वेळा तो ताडून बघतो. तुकडा लिखाणापेक्षा नवा असला की म्हणतो, झालंय हे, आणि पुढं जातो. मी दहाच्या आत जे बांधत होतो त्याच्यावर आमच्या भिंतीची वेळ पडत होती, पाऊण तास पुढची. सव्वादहाला प्रज्ञा येऊन खऱ्या वेळेनं दुरुस्ती करायची. मशीनच्या हिशेबी तिची दुरुस्ती जुनी आणि माझा तुकडा नवा. तिची दीड महिन्याची मेहनत मशीननं वाचलीच नव्हती. आणि माझी ती साडेनऊची, गिऱ्हाइकांना दाखवायची मिजास, तीच नेमकी तिच्या अंगावर जाऊन पडत होती. अण्णा म्हणत होते ती तुटलेली तार मी होतो.

इथं सरळ माणूस धावत दवाखान्यात गेला असता. मी जेवायला बसलो. येसराची आमटी होती, भाकरी होती, कांदा होता. तोंडाशी आलेलं मी प्रत्येक घासाबरोबर खाली ढकललं, आणि आई म्हणाली, ‘आज सावकाश जेवून राहिला, बरं हाय ना?’

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी प्रज्ञाची दुरुस्त केलेली फाइल उघडली. सगळ्यात खाली गेलो आणि एक रिकामी ओळ घातली. फक्त एक रिकामी ओळ, म्हणजे फाइलीवर आजची वेळ पडावी. जतन केलं, बांधायला लावलं. त्या सिस्टीममध्ये माझं एकूण योगदान विचाराल तर ते एवढंच, एक ओळ, तीसुद्धा कोरी. साडेनऊला मशीन बंद करून चालू केलं. डिस्क सापडली. ओळी थांबल्या आणि पडद्यावर शांतपणे नाव विचारणारी एक ओळ येऊन उभी राहिली. अण्णा ओट्यावरून आले. व्हार्निशचा हात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खांद्यावर ठेवला.

‘जमलं?’

‘जमवलं,’ मी म्हणालो.

अण्णांनी वाकून पडद्यावरची ओळ बघितली. मग म्हणाले, ‘प्रज्ञाला सांगितलं का? धावत जाऊन सांग. खूश होईल पोरगी.’

हात माझ्या खांद्यावर आणि नाव तिचं. मी काय करायला हवं होतं ते मला चांगलं कळत होतं. मी काय केलं ते सांगतो. अण्णा बाहेर गेल्यावर स्टुलावर चढलो आणि भिंतीवरचं घड्याळ पाऊण तास मागं करून बरोबर लावलं. प्रज्ञा हुशार होती, ‘तफावत’ शब्दापाशी पोचली होती. भिंतीकडं तिची नजर आज ना उद्या जाणार होती.

आजच गेली. सव्वादहाला आली, चालू पडदा बघितला, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. ‘काय बदललं?’ तिनं विचारलं. ‘थोडं हिकडं तिकडं,’ मी म्हणालो. तिनं फाइल उघडली. तिच्याच ओळी होत्या, एकेक. ती हळूच मागं वळली, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग मनगट बघितलं. दोन्हीकडं सव्वादहा. तिच्या कपाळावर एक आठी पडली ती मला अजून दिसते. तिचं गणित बरोबर होतं आणि उत्तर चुकत होतं.

त्या दिवशी आमच्या घराचं काय झालं ते बघण्यासारखं होतं. सगळे सवयीनं पाऊण तास वजा करत होते आणि घड्याळ आता खरं बोलत होतं. आईचं वरण लागलं. अण्णांनी रेडिओ लावला तर बातम्या संपून शेतीचा कार्यक्रम चालू. ‘आज आकाशवाणीवाले लवकर आटपून गेले,’ म्हणाले. मोटार न्यायला आलेला माणूस दार वाजवत राहिला आणि अण्णा आतून म्हणत होते, ‘तू पाऊण तास आधी आला.’ मी सगळं बघत होतो. घड्याळ परत फिरवायची संधी शोधत होतो, पण मधल्या खोलीत दिवसभर कुणी ना कुणी होतंच.

आणि सरांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं होतं. नऊची गाडी. प्रज्ञा थेट स्टँडवर येणार होती. अण्णा मशीन कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हते, स्वतः येणार होते. सकाळी घड्याळात पावणेनऊ झाले आणि अण्णा चहाची दुसरी बशी भरून म्हणाले, ‘आठच वाजलेत. निवांत जाऊ.’ मी समोर बसलो होतो. तोंड उघडलं तर कळणार, घड्याळ कुणी हलवलं आणि काहून. न उघडलं तर गाडी जाणार, सर बाहेरगावी जाणार होते, किल्ली कुणालाच मिळणार नव्हती. मनाच्या तळातून एक आवाज आला, मग जाऊ दे ना, तिलाही नाही मिळणार. मी बशीकडं बघत बसलो. अण्णांनी फुंकर मारली. आणखी एक घोट घेतला. माझ्या आयुष्यातली ती दहा मिनिटं एका बशीत मावली होती आणि मी ती संपू दिली.

दारात प्रज्ञा आली, धापा टाकत. ‘काका, गाडी लागली. कंडक्टरला थांबवून आले. तुमी चहाच घेऊन राहिले?’

‘अगं, नऊ हायत घड्याळात. म्हंजे सव्वाआठ.’

प्रज्ञा थबकली. ‘म्हंजे काय?’

‘आमचं घड्याळ पाऊण तास पुढं असतंय, पहिल्यापासून,’ आई आतून म्हणाली, जशी काही ही जगाला माहीत असलेली गोष्ट आहे.

प्रज्ञानं मनगट बघितलं. भिंत बघितली. मग माझ्याकडं बघितलं. एवढंच. अण्णांना तिच्या घड्याळात नऊ दिसले आणि पुढचं काही विचारायला वेळच उरला नाही. मशीन त्यांनी खांद्यावर घेतलं, मी पडदा पोटाशी धरला आणि आम्ही बाजारातून धावलो. शेळ्या बाजूला झाल्या, भाजीवाल्या उभ्या राहिल्या. गाडीत प्रज्ञा पुढच्या सीटवर बसली, पाठ ताठ, वही मांडीवर. औंढा येईपर्यंत तिनं एकदाही मागं बघितलं नाही आणि मी एकदाही दुसरीकडं बघितलं नाही.

सरांच्या खोलीत मशीन चालू झालं. नाव विचारणारी ती ओळ आली. सरांनी चष्मा काढून पुसला. ‘शाब्बास,’ म्हणाले. ‘आता खरं सांगा. हे नेमकं कुणी केलं?’

अण्णा दारापाशी उभे होते. प्रज्ञानं मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर मला एक ओळखीचा शांतपणा दिसला. तिच्या आईच्या चेहऱ्यावर तो असायचा, रडणाऱ्या लेकराला सुई टोचून झाल्यावर. मी ओळखलं ही काय म्हणणार. ही म्हणणार, दोघांनी मिळून केलं, सर. ही मला माफ करणार. मार्क तिचे, बाप माझा तोही तिचा, सुशीला तिची, आणि आता मनाचा मोठेपणाही तीच घेऊन जाणार. तिनं तोंड उघडलं आणि मला ते सोसलं नाही.

‘हिनं केलं, सर,’ मी ओरडलोच. ‘सगळं हिनं केलं.’ आणि एकदा सुरू झालो तर थांबता येईना. भिंतीचं घड्याळ सांगितलं, वही चोरून वाचली ते सांगितलं, रिकामी ओळ सांगितली, स्टूल सांगितलं, बशी सांगितली. साखऱ्याचा पाटीलसुद्धा सांगितला, त्याची काही गरज नव्हती. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून प्रज्ञाच्या हातात दिली. आयुष्यात मी एवढं खरं एका दमात कधी बोललो नाही, आणि त्यातला शब्द न शब्द हेव्यापोटी बोललो.

परतीच्या गाडीत अण्णा माझ्या शेजारी बसले. म्हणाले, ‘नोकरी गेली.’

‘व्हय.’

‘जाऊ दे. खरं बोलला तू. माझ्यानं न्हाई झालं असतं.’ आणि त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्या कपाळावरचा घाम पुसला. ते हेव्यापोटी होतं हे मी सांगितलं नाही.

पुढं अण्णांनी ही गोष्ट गावभर केली. दोन वर्षांनी माझं लग्न झालं तेव्हा पंगतीत माझ्या सासरच्या मंडळींना सांगत होते: हातातली नोकरी ह्या पोरानं खऱ्यासाठी सोडली, सगळ्या मास्तरांच्या समोर. एकट्या गिरी सरांचे तोवर पंधरा मास्तर झाले होते. प्रज्ञा आली होती, लॅबला सुट्टी टाकून, आईला घेऊन. ती जेवत होती. मी वाढप्याच्या हातातून बुंदीचं भांडं घेऊन तिच्यापाशी गेलो, कारण नवरदेवाला कुणी अडवत नाही.

‘नागोराव,’ ती पानातून मान वर न करता म्हणाली, ‘त्या दिवशी मी बोलायला तोंड उघडलं होतं. तू मधीच घुसला.’

‘माहीत हाय. तू म्हणणार होतीस, दोघांनी मिळून केलं.’

तिनं मान वर केली. ‘काहून म्हणणार होते? मी म्हणणार होते, सर, मशीन माझं मी बांधलं. ह्यानं निस्तं घड्याळ हलवलं आणि चहा प्यायला.’

बुंदीनं भरलेला डाव मी परत भांड्यात टाकला. ‘म्हंजे तू मला माफ करणार नव्हतीस?’

‘तुला?’ ती म्हणाली. ‘तुझ्या घरी लाइन होती. टेबल होतं. बाप होता. मी चपला बाहेर काढून आत यायचे, आणि लाइन गेली की उठायचे. घरी जाऊन पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून त्याच्यावर बोटं मारायचे. तू आपला तिथंच, खुर्चीत रेलून, भाकरी खात. तुझं तोंड बघवायचं न्हाई मला. काका मला चांगलं म्हणायचे, तर घरी जाऊन मी रडायचे, की हे रोज ह्याच्या वाट्याला असंल.’

तीन महिने एका खोलीत, एकाच खुर्चीवर, आम्ही दोघं एकमेकांवर जळत होतो आणि मला वाटत होतं हे काम मी एकट्यानंच अंगावर घेतलंय. काय सांगू, इतकं हलकं वाटलं की लग्नाच्या दिवशीसुद्धा तसं वाटलं नव्हतं, आणि लग्नाचा दिवस तोच होता.

पलीकडच्या पंगतीतून अण्णांचा आवाज येत होता. ‘पंधरा मास्तर, आन् माझं लेकरू म्हणतंय, न्हाई सर, माझं न्हाई, हिचं हाय.’

‘खरं सांगू का काकांना?’ प्रज्ञानं विचारलं.

‘नको.’

‘मंग वाढ,’ ती म्हणाली, आणि पान पुढं केलं.